बातमी पोचली, पण स्वातंत्र्य?

जूनटीन्थ म्हणजे अमेरिकेत गुलामी संपल्याचा १९ जूनचा सण. त्याबद्दल म्हणतात की टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनला मुक्तीची बातमी अडीच वर्षं उशिरा पोचली, म्हणून तो सण खरा उशिराचा आहे. पटलं. पण मॉरिशसचा १ फेब्रुवारी, म्हणजे तिथला गुलामी संपल्याचा दिवस बघा, तिथे बातमी वेळेवर येऊनही गुलाम मोकळे झाले नाहीत. १८३५ला गुलामी कायद्याने संपली आणि त्याच दिवसापासून तेच लोक त्याच मालकाकडे 'शिकाऊ' म्हणून! ते जोखड १८३९मध्ये सुटलं. नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना, हे वेगळं सांगायला नकोच.

तिथल्या ल मॉर्न डोंगराची दंतकथाही बातमीचीच आहे. वर लपलेल्या पळपुट्या गुलामांनी शिपाई येताना पाहिले, पकडायलाच आले असं समजून कड्यावरून उड्या टाकल्या. शिपाई खरं तर मुक्तीचा निरोप घेऊन आले होते. दरवर्षी १ फेब्रुवारीला पायथ्याच्या स्मारकाशी फुलं वाहतात. मी गेलो होतो तेव्हा सेगा (तिथलं गाणं-नाच) सुरू व्हायच्या आधी एक म्हातारबा बकऱ्याच्या कातड्याचा रावान, म्हणजे तिथला डफ, जाळावर फिरवून शेकत बसले होते, मधूनच बोटाने टिचकी मारून आवाज बघायचे. हुबेहूब आपली हलगी तापवतात तसं.

आणि हो, तिथे २ नोव्हेंबरलाही सुट्टी असते. त्या तारखेला १८३४मध्ये गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या भारतीय मजुरांची, ३६ जणांची तुकडी उतरली. म्हणजे गुलामी कायद्याने संपायच्या तीन महिने आधीच उसाच्या मळ्यांत बदली माणसं हजर. पुढे त्याच वाटेने कोकणातली माणसंही गेली, त्यांचे वंशज आज तिथे गणपती बसवतात.