डिसेंबरला गवत विकतो, मे महिन्यात पेंढा विकत घेतो

माळावरचा: नमस्कार मंडळी. मी कांजूरमार्गला राहतो, आई-अण्णा गावी, शहापूर तालुक्यात. दावणीला दोन गाई, एक म्हैस, एक पारडी. दोन एकर भातशेती. विहीर आहे, पण मार्चनंतर पाणी गुडघाभर.

गेल्या रविवारी घरी गेलो तर म्हैस गव्हाणीत तोंड घालून नुसती फुरफुरत होती. पेंढ्याचा मऊ पाला निवडून खाल्लेला, जाड काड्या तशाच. आईने त्या गोळा केल्या, कोयत्याने बोटबोटभर तोडल्या, वरून मिठाचं पाणी शिंपडलं, तेव्हा कुठे तिने तोंड लावलं. दूध दोन्ही वेळचं मिळून साडेतीन लिटरवर आलंय.

आमच्या माळाचं गवत दरवर्षी वखारवाल्याला जातं. दिवाळीनंतर त्याची माणसं येऊन कापतात, गाठी बांधतात आणि ट्रक मुंबईच्या तबेल्यांकडे निघतो. रोख पैसा येतो, त्यात धाकट्या बहिणीची फी भरली जाते, त्यामुळे अण्णांना मी काही म्हणत नाही. पण मे महिन्यात आम्हीच पेंढा शोधत फिरतो. नोकरीला गोरेगावला जाताना आरे दूध वसाहतीच्या बाजूला गवताचा ट्रक दिसला की पोटात कालवतं. गवत विकणं पूर्ण बंद न करता घरची वैरण वर्षभर कशी पुरवायची?

आरेतला: दादा, माझं लहानपण आरेच्या तबेल्यातच गेलं. 1949 साली ही कॉलनी झाली, इथल्या म्हशींना बाहेरूनही गवत येतं. म्हणून सांगतो, दिवाळीनंतर कापलेलं गवत म्हणजे काडी. बी गळून गेलेलं असतं. आम्ही ते पोट भरायला टाकतो, दुधासाठी पेंड वेगळी. तुम्ही माळाचा एक तुकडा घरासाठी राखा आणि तो फुलोऱ्यात असतानाच कापा. पावसाने उघडीप दिली की लगेच, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. उलटंपालटं करत वाळवा. हिरवट रंग राहिला पाहिजे, पिवळं पडलं की सत्त्व गेलं. बाकीचं खुशाल वखारीला द्या.

आणखी एक, ओढ्याकाठी चिखलाची जागा असेल तर पॅरा गवत लावा. आरेत ते सांडपाण्यावर पोसलं जायचं. पाणी साचलं तरी कुजत नाही.

परळची डॉक्टर: परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले, आता ठाणे जिल्ह्यात काम करते. विकत आणलेल्या पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया करा. 100 किलो पेंढ्याला 4 किलो युरिया, 50 ते 60 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. थरावर थर, प्रत्येक थरावर झारीने शिंपडायचं, पायाने दाबायचं, प्लास्टिकने हवाबंद झाकायचं. 21 दिवस उघडायचं नाही. काडी मऊ पडते आणि प्रथिनं जवळपास दुप्पट होतात.

माळावरचा: ताई, आईला फोनवर सांगितलं. ती म्हणते, "युरिया गुरांना? मारायचीयेत का?"

परळची डॉक्टर: आईंची भीती रास्त आहे. युरियाचं पाणी चुकून पोटात गेलं तर गुरं खरंच दगावतात. बादली, झारी तिथून लगेच हलवा, उरलेलं पाणी दावणीजवळ सांडू देऊ नका. 21 दिवसांनी लागेल तेवढाच पेंढा काढून तासभर पसरून ठेवा, नाकाला झोंबणारा वास उडाला की मग घाला. सुरुवात ओंजळभराने, साध्या पेंढ्यात मिसळून. पारडी सहा महिन्यांच्या आतली असेल तर तिला अजिबात नको. आणि मोठ्या जनावराला रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्या, पेंढ्यावरच्या गुरांना ते हवंच.

मुरबाडची वहिनी: भाऊ, विहिरीला पाणी नाही म्हणता, पण मोरीचं पाणी जातं कुठे? आमच्या न्हाणीमागे एक गुंठा नेपियर गवत आहे, फुले जयवंत जातीचं. दोन डोळ्यांच्या कांड्या, तीन फूट बाय दोन फुटांवर, पहिल्या पावसात लावल्या. पहिली कापणी दोन-सव्वादोन महिन्यांनी, पुढे दीड महिन्याला. जमिनीपासून वीतभर वर कापा, नाहीतर फुटवा मरतो. एका गुंठ्यावर चार गुरं पोसत नाहीत, पण पेंढ्यात त्याची बारीक कापलेली कुट्टी मिसळली की आमची गाय गव्हाण चाटूनपुसून साफ करते.

बांधावर गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया) झाडं लावाच. पाला आधी अर्धा दिवस सुकवून द्या, ताज्याचा वास गुरांना आवडत नाही. आमच्या गायीने आठ दिवस तोंड फिरवलं, नवव्या दिवशी खाल्लं. कांड्या हव्या असतील तर माझ्याकडून न्या, पैसे नकोत.

माळावरचा: वहिनी, शनिवारी येतो. रविवारी पहाटे गोणी घेऊन घरी. न्हाणीमागची जागा अण्णांनी कालच खणायला घेतली. युरियाचं आईने मान्य केलंय, पण एका अटीवर. पहिला घास गुरांपुढे ठेवताना मी तिथे उभा पाहिजे. त्या आठवड्याची रजा टाकली आहे.