मदत हवी आहे: सोसायटीच्या ‘वरखर्चा’ला नाही कसं म्हणायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही कळव्याला राहतो, जुनी सोसायटी आहे. सोसायटीच्या एका कामाची फाईल सरकारी कार्यालयात अडकली आहे (कुठलं ते मुद्दाम लिहीत नाही). परवा कमिटीने ग्रुपवर टाकलं: ‘प्रत्येक फ्लॅटमागे 2,000, फक्त रोख. जीपे नको. पावती मिळणार नाही.’ खाली अंगठ्यांची रांग. रोज सकाळी भ्रष्टाचारावर फॉरवर्ड पाठवणारे काका त्यात पहिले! मी विचारलं, तर सेक्रेटरी म्हणाले, “अहो, तुम्ही कुठे देताय? सोसायटी देतेय.” बाकी कोणी चकार शब्द काढला नाही.

माझ्या वाचनात आलंय की भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली, तर सात दिवसांत तक्रार केल्यास देणाऱ्याला संरक्षण मिळतं. पण इथे अजून पैसे गेलेलेच नाहीत, नुसती वर्गणी चालू आहे. मग आत्ताच 1064 वर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला कळवावं का? की आधी माहिती अधिकारात फाईलची स्थिती मागवावी?

लोकसेवा हक्क कायद्याखाली (सरकारी सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क देणारा कायदा) अपील करून कोणी असं काम करून घेतलंय का? किती महिने लागले?

आणि रविवारच्या मीटिंगमध्ये माझा विरोध इतिवृत्तात नोंदवायला सेक्रेटरी नाही म्हणाले, तर लेखी पत्र देऊन पोच घेतली तर चालेल ना? ‘द्या आणि मोकळे व्हा’ हा सल्ला घरात मिळालाय, तो सोडून सांगा.