लहान मुलांच्या मेंदूतली गाठ: ऑपरेशनआधी एमआरआयवरून प्रकार किती कळतो?

टेक_पुसद
मागच्या मेंदूत गाठ असलेल्या मुलांचे स्कॅन आमच्या १.५ टेस्ला मशीनवर होतात. रिपोर्टात "मेड्युलोब्लास्टोमा किंवा एपेन्डायमोमा" (मागच्या मेंदूतल्या गाठींचे दोन प्रकार) एवढंच येतं आणि नागपूरला बरेचदा पुन्हा स्कॅन करतात. पोराला दोनदा भूल, मायबापाची दोनदा मजुरी बुडते. एकाच बैठकीत काय काय घ्यावं? एडीसीच्या (गाठीत पाणी किती मोकळं हलतं, त्याचं माप) आकड्यावर भरवसा ठेवायचा का?

रेडिओ_वर्धा
पुन्हा स्कॅन होतो तो बहुतेक एडीसी मॅप नसतो म्हणून, नाहीतर मणका घेतलेला नसतो म्हणून. काँट्रास्टआधी टी१, टी२, फ्लेअर (हे एमआरआयच्या चित्रांचे प्रकार), डीडब्ल्यूआय (बी ० आणि १०००; एडीसी यातूनच निघतो) आणि एसडब्ल्यूआय (रक्त, कॅल्शियम काळं दाखवतो) उरकून घ्या. मग गॅडोलिनियम (काँट्रास्टचं औषध) ०.१ मिलिमोल प्रति किलो. ०.५ मोलरची बाटली असेल तर १५ किलोच्या पोराला ३ मिली, १ मोलरची असेल तर दीडच. लेबल वाचूनच भरा, इथे हमखास घोळ होतो. मग तिन्ही प्रतलांत टी१ आणि त्याच डोसवर आख्खा मणका, खाली सॅक्रमपर्यंत. ऑपरेशननंतर मणक्यात उतरलेलं रक्त पसरलेल्या गाठीसारखं दिसतं, म्हणून मणका आधीच हवा.

एडीसीचं म्हणाल तर, मेड्युलोब्लास्टोमात पेशी दाट, पाण्याला हलायला जागा नाही, म्हणून एडीसी साधारण ०.९ च्या खाली (×१०⁻³ मिमी²/सेकंद). पायलोसायटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा (हळू वाढणारी गाठ) १.४ च्या वर, एपेन्डायमोमा मधे, १.० ते १.३. कन्सोलवर ९०० दिसत असेल तर ते ०.९ च.

न्यूरो_नागपूर
आकड्याआधी आरओआय (एडीसी मोजायचा गोल) कुठे ठेवला ते पाहा जी. गाठीच्या घन भागात ठेवा. सिस्ट (पाण्याची पिशवी), रक्त, कॅल्शियम टाळा. सिस्ट आत आली की आकडा फुगतो. एसडब्ल्यूआयवर काळं आहे तिथला एडीसी बेभरवशाचा. आणि तीन वर्षांखालच्या मुलात कमी एडीसी म्हणजे मेड्युलोब्लास्टोमाच असं धरू नका, एटीआरटीतही (लहानग्यांतली आणखी एक घातक गाठ) तो कमीच येतो.

जागाही बोलते. एपेन्डायमोमा चौथ्या व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीच्या) भोकांतून टूथपेस्टसारखा बाहेर सरकतो. मेड्युलोब्लास्टोमा सेरेबेलमच्या (लहान मेंदूच्या) गोलार्धात असेल तर एसएचएच गटाचा (मेड्युलोब्लास्टोमाच्या रेणवीय गटांपैकी एक) संशय घ्या. पण २०२१ च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणात गट रेणवीय तपासणीवर ठरतो. एमआरआय फक्त अंदाज देतो. ग्रुप ४ (त्यातलाच आणखी एक गट) कधीकधी काँट्रास्ट जेमतेम घेतो, म्हणून "काँट्रास्ट घेत नाही, म्हणजे साधी गाठ" हे लिहू नका.

भूल_अमरावती
पोर सुस्त असेल, सकाळी उलट्या होत असतील तर तिथे सेडेशन (गुंगीचं औषध) देऊच नका. श्वास मंदावतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो, डोक्यातला दाब आणखी चढतो. जलद टी२ घ्या, हायड्रोसेफॅलस (मेंदूत पाणी साचणं) दिसला की सरळ रवाना करा. कमरेतून पाणी काढायचं तर नावच नको. बाकीच्यांना जेवण ६ तास, अंगावरचं दूध ४ तास, साधं पाणी २ तास आधी बंद. करगोटा, ताईत, बाळी आधीच काढा. झोपल्यावर कोणी शोधत बसत नाही.

रेडिओ_वर्धा
आपल्या भागात ट्युबरक्युलोमा (मेंदूतली टीबीची गाठ) विसरू नका. टी२ वर मधे काळसर, कडेने रिंग, स्पेक्ट्रोस्कोपीत (गाठीतली रसायनं मोजणारा एमआरआय) लिपिडचा, म्हणजे चरबीचा, उंच शेंडा. सगळं डायकॉम (स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइली) सीडीवर द्या. फिल्मच्या मोबाईल फोटोवरून एडीसी मोजता येत नाही.

टेक_पुसद
वेळ कमी पडला तर काय सोडू?

न्यूरो_नागपूर
फ्लेअर सोडा एकवेळ. डीडब्ल्यूआय दीड-दोन मिनिटांचा असतो, तो पहिल्यांदा घ्या, पोर हललं तर लगेच परत घेता येतो.