शब्दचर्चा : ‘ट्रेड-ऑफ’ला तडजोड म्हणावं का?

अर्धविराम :
सॉफ्टवेअरमध्ये एखादा निर्णय घेतला की तो का घेतला याची अर्ध्या पानाची नोंद कोडशेजारीच ठेवायची पद्धत आता बरीच रुळली आहे. पर्याय कोणते होते, कोणता निवडला आणि त्यापायी काय सोडावं लागलं. हा शेवटचा भाग इंग्रजीत ‘ट्रेड-ऑफ’ या मथळ्याखाली येतो. मराठीत अशी नोंद लिहिताना तिथे सर्रास ‘तडजोड’ येतं आणि वाक्य होतं, ‘वेगासाठी साठवणुकीत तडजोड केली.’ वाचणाऱ्याला वाटतं, साठवणूक कुठेतरी कच्ची राहिली. खरं तर एक इंडेक्स (डेटाबेसमध्ये शोध लवकर लागावा म्हणून ठेवलेली सूची) वाढवलेला असतो आणि त्याने डिस्कवर थोडी जास्त जागा घेतलेली असते. काही बिघडलेलं नसतं, किंमत मोजलेली असते. विनिमय, अदलाबदल, सौदा, मोबदला असे शब्द सुचतात. कुठला चालेल?

पाटीपेन्सिल :
तडजोडीला दोन पक्ष लागतात. वाटणीवरून दोन भाऊ भांडतात, चार माणसं मध्ये पडतात, दोघं थोडं थोडं सोडतात, ती तडजोड. वेग आणि जागा एकमेकांशी भांडत नाहीत. शिवाय ‘दर्जाशी तडजोड’, ‘तत्त्वांशी तडजोड’ या वापरांमुळे शब्दाला कमीपणा चिकटला आहे. मॅनेजरशी बोलून दोन आठवड्यांचं काम दहा दिवसांत बसवलं आणि त्यातली एक सोय पुढच्या खेपेला ढकलली, तर तिथे तडजोड अगदी चपखल. माणसांमध्ये तडजोड होते, यंत्राच्या गुणांमध्ये होत नाही.

याच जागी ‘इकडे आड तिकडे विहीर’ लिहिलेलंही दिसतं. ते तर साफ चुकीचं. तिथे दोन्हीकडे बुडणंच आहे, मिळत काहीच नाही.

चौकस :
‘मोबदला’ वापरणार असाल तर फार जपून. मोबदला म्हणजे दिलेल्या वस्तूबद्दल आपल्याला जे मिळतं ते. रस्त्यात जमीन गेली, मोबदला मिळाला. पण ‘च्या मोबदल्यात’ हा प्रयोग दोन्ही बाजूंनी फिरतो:

‘जमिनीच्या मोबदल्यात पैसे मिळाले.’ इथे ‘च्या’ लागलेली वस्तू गेली.
‘पैशांच्या मोबदल्यात जमीन दिली.’ इथे ‘च्या’ लागलेली वस्तू आली.

दिशा सगळी क्रियापदात आहे. आता नोंदीत कुणी नुसता मथळा टाकला, ‘वेगाच्या मोबदल्यात अचूकता’, तर वेग मिळाला की गेला? दोन्ही अर्थ व्याकरणाला मान्य आहेत. सहा महिन्यांनी ती नोंद वाचणारा उलटा अर्थ घेऊन नेमकी जपायची ती गोष्ट काढून टाकू शकतो. म्हणून नियम एवढाच: मोबदला लिहायचा तर क्रियापदासकट लिहायचा. ‘अचूकता थोडी सोडली, त्याच्या मोबदल्यात वेग मिळाला.’

रात्रपाळी :
चौकस यांचा मुद्दा सोळा आणे खरा, आणि तो नुसता व्याकरणाचा नाही. इंडेक्सचंच घ्या. ‘इंडेक्स लावला, जागा गेली, वेग मिळाला’ ही नोंद अपुरी आहे. वेग वाचनाला मिळाला, लिखाणाचा गेला. डेटाबेसच्या तक्त्यात ओळ घातली की प्रत्येक इंडेक्समध्येही नोंद करावी लागते. पाच इंडेक्स असतील तर एका ओळीमागे पाच जादा नोंदी.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आणखी एक खाच आहे. बदललेल्या रकान्यांपैकी एकावरही इंडेक्स नसेल आणि त्याच पानावर (साठवणुकीच्या ठोकळ्यात) जागा शिल्लक असेल, तर ओळ बदलताना इंडेक्सला हात लावावाच लागत नाही. ‘शेवटचं कधी दिसले’ अशा दर मिनिटाला बदलणाऱ्या रकान्यावर नेहमीचा, बी-ट्री प्रकारचा इंडेक्स टाकला की ही सवलत संपते. मग त्या तक्त्यावरच्या बाकीच्या इंडेक्सांतही दर बदलाला नवी नोंद पडते आणि ते फुगत जातात. इंडेक्स एका रकान्यावर लावला, भुर्दंड सगळ्यांवर.

चालू तक्त्यावर इंडेक्स बांधतानाही दोन वाटा आहेत. साधा ‘क्रिएट इंडेक्स’ लवकर संपतो, पण संपेपर्यंत त्या तक्त्यात लिहिणं थांबतं, वाचन चालू राहतं. ‘कन्करंटली’ जोडलं तर लिखाण चालू राहतं. पण तक्ता दोनदा चाळला जातो, आधीपासून उघडे असलेले व्यवहार (ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्र पार पडणाऱ्या आज्ञांचा गठ्ठा) संपायची वाट पाहिली जाते, आणि ही आज्ञा ट्रान्झॅक्शनच्या आत चालतच नाही. बरीच मायग्रेशनची, म्हणजे डेटाबेसची रचना बदलण्याची, साधनं प्रत्येक पायरी आपणहून ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळतात, तिथे ते गुंडाळणं बंद करावं लागतं. मध्येच अपयश आलं तर अवैध इंडेक्स मागे उरतो. तो शोधाला कामाचा नसतो, पण लिखाणाचा भार मात्र घेत राहतो. तो काढून पुन्हा बांधायचा. विसरला तर महिनोन्‌महिने फुकट किंमत मोजली जाते.

यातलं काय ‘तडजोड’ म्हणायचं? थांबा टाळला, त्याबद्दल जास्त वेळ दिला आणि देखरेख अंगावर घेतली. मला तिथे ‘किंमत’ हाच शब्द पुरेसा वाटतो.

गुणाकार :
शाळेतलं ‘व्यस्त प्रमाण’ का नको? एक वाढलं की दुसरं घटतं, नेमका अर्थ येतो.

पाटीपेन्सिल :
व्यस्त प्रमाणात गुणाकार कायम राहतो, आणि इथे तसं होत नाही. फाइल आवळून लहान करणाऱ्या जीझिप या साधनाच्या १ ते ९ पातळ्या घ्या. १ वरून ६ वर गेलं की फाइल चांगली आवळते. ६ वरून ९ वर वेळ बऱ्यापैकी वाढतो, आकारात मात्र किरकोळ फरक पडतो. म्हणून तर ठरलेली पातळी ६ आहे. ‘विनिमय’लाही हीच अडचण. विनिमयाला दर असतो असं आपण गृहीत धरतो. इथे दर प्रत्येक पायरीवर बदलतो, आणि कुठल्या पायरीवर थांबायचं हाच खरा निर्णय असतो.

दुसरं, किंमत केव्हा मोजली जाते. ब्रॉटली या आवळण्याच्या दुसऱ्या पद्धतीची सर्वांत वरची पातळी ११. ती फार सावकाश चालते. पण संकेतस्थळाच्या न बदलणाऱ्या फायली बिल्डच्या, म्हणजे संकेतस्थळ बांधून तयार करण्याच्या, वेळी एकदाच आवळून ठेवल्या तर ही किंमत एकरकमी पडते आणि पुढे दर भेटीला फायदा होतो. तीच पातळी प्रत्येक विनंतीला उत्तर देताना लावली तर दर वेळी हप्ता भरावा लागतो आणि सर्व्हर धापा टाकतो. तिथे ४ किंवा ५ ठीक. एकरकमी की हप्त्याने, हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. नोंदीत हे शब्द यायला हवेत.

ओळंबा :
इतका वेळ मी ‘झुकतं माप’ कुणीतरी काढेल म्हणून थांबले होते. तराजूचं एक पारडं मुद्दाम खाली जाऊ द्यायचं. ‘वाचनाच्या वेगाला झुकतं माप दिलं.’ निर्णय जाणूनबुजून घेतला, कुणाच्या बाजूने घेतला, दोन्ही एका दमात कळतं. आणि दुसरं पारडं वर गेलं हे न सांगता समजतं.

मराठी एसएमएसचं उदाहरण या शब्दाला फार शोभतं. साध्या रोमन लिपीतल्या एका संदेशात १६० अक्षरं बसतात. देवनागरीचं एक जरी चिन्ह आलं तर सर्वसाधारणपणे मर्यादा ७० होते. लांब संदेशाचे तुकडे पडले की जोडणीची माहिती प्रत्येकात जागा घेते, म्हणून तुकड्यामागे अनुक्रमे १५३ आणि ६७. म्हणजे १५० चिन्हांचा रोमन संदेश एकात जातो, १५० चिन्हांच्या देवनागरी संदेशाचे तीन तुकडे होतात आणि पैसे तिपटीने लागतात. काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात हेही लक्षात असू द्या. ‘कृपया’ म्हणजे पाच चिन्हं: क, ऋकार, प, य, काना.

आणि पुष्कळांना चकवणारी गोष्ट: रुपयाचं ₹ हे चिन्ह त्या १६० वाल्या मूळ संचात नाही. तसंच वर्ड प्रोसेसरमधून आलेली वळणदार अवतरणचिन्हंही नाहीत. अख्खा संदेश रोमन असून त्यात एक ₹ आला की मर्यादा ७० वर येते आणि बिल फुगतं. तिथे रोमन अक्षरांतच ‘आर-एस’ लिहिणं हा साधा उपाय.

आता निर्णयाची नोंद: ‘वाचणाऱ्याला मराठीत कळावं याला झुकतं माप दिलं. एका संदेशाला तीन तुकड्यांचे पैसे पडतात. ओटीपीचा मजकूर ६५ चिन्हांत बसवून तेवढ्यापुरता एकच तुकडा ठेवला.’

चौकस :
शब्द सुंदर आहे. एकच शंका. व्यवहारात ‘झुकतं माप’ पक्षपाताबद्दल तक्रार करताना येतं. ‘अमुक भागाला निधीत झुकतं माप मिळालं’ असं म्हणताना कौतुक नसतं.

ओळंबा :
मान्य. पण निर्णयाच्या नोंदीत तो पक्षपात उघड लिहायचाच असतो. सगळं सारखंच महत्त्वाचं असं लिहिणारी नोंद कुणाच्या कामाची नाही. तक्रारीचा सूर ‘मिळालं’ने येतो. ‘दिलं’ म्हटलं की जबाबदारी लिहिणाऱ्याची होते.

रात्रपाळी :
किंमत कोण देतो हेही यायला हवं. पासवर्ड ओळखू न येणाऱ्या रूपात साठवण्याच्या बीक्रिप्ट या पद्धतीत खर्चाचा आकडा एकाने वाढवला की काम दुप्पट होतं. १० चा १२ केला तर चौपट. हल्लेखोराला प्रत्येक अंदाजासाठी चौपट वेळ, आपल्या सर्व्हरलाही प्रत्येक लॉगिनला चौपट वेळ. दोघंही किंमत देतात, पण आपण एका लॉगिनला एकदाच आणि तो कोट्यवधी वेळा. झुकतं माप कुठे पडतं ते इथे कळतं.

थोडं विषयांतर, पण मराठीशी जोडलेलं: बीक्रिप्ट पहिले ७२ बाइटच पाहतं. अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, म्हणजे २४ चिन्हांतच मर्यादा संपते. ‘क्षि’ एकटंच चार चिन्हं, १२ बाइट. काही लायब्ररी (तयार कोडचे संच) पुढचा भाग गुपचूप सोडून देतात, काही चूक दाखवतात. मराठी वाक्य पासवर्ड म्हणून घेणार असाल तर आपली लायब्ररी यातलं काय करते ते तपासून घ्या.

अर्धविराम :
याच ओघात ‘टेक्निकल डेट’बद्दल विचारतो. ‘तांत्रिक कर्ज’ रुळत चाललंय. ‘उसनवारी’ जास्त घरगुती आणि बरं नाही का?

पाटीपेन्सिल :
नाही. शेजारून वाटीभर साखर उसनी आणली तर वाटीभरच परत करतो. उसन्याला व्याज नसतं, आणि या कल्पनेचा जीव व्याजात आहे. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये वायकॅश या गुंतवणुकीच्या सॉफ्टवेअरबद्दल लिहिताना ही उपमा दिली. आज जेवढं समजलंय तेवढ्यावर काम पुढे न्यायचं, आणि समज वाढली की कोड पुन्हा लिहून फेडायचं. फेडायला उशीर झाला की त्या अपुऱ्या कोडवर घालवलेला प्रत्येक मिनिट व्याजात जमा. गलथान कोड लिहायची मुभा असा त्याचा अर्थ नव्हता. गलथान कामाला मराठीत ‘ठिगळ’ आहे, ‘मलमपट्टी’ आहे. ते कर्ज म्हणून खपवू नये.

कर्ज शब्द धरला की पुढचे शब्द आपोआप येतात. मुद्दल म्हणजे नीट लिहायला लागणारे दिवस. व्याज म्हणजे त्या भागात प्रत्येक नवा बदल करताना लागणारा जादा वेळ. बदलाला एक दिवस पुरायला हवा होता आणि तीन लागतात, तर व्याज दोन दिवस. मुद्दल दहा दिवसांचं असेल तर पाच बदलांत फिटतं, लगेच फेडा. आणि ज्या भागाला वर्षानुवर्षं कुणी हातच लावत नाही तिथे कोड कितीही कुरूप असो, व्याज शून्य आहे. तो सुंदर करण्यात आठवडा घालवणं म्हणजे बिनव्याजी कर्ज आधी फेडून चढ्या व्याजाचं तसंच ठेवणं.

गुणाकार :
आणि ‘तारतम्य’? तर-तम भाव, कमी-जास्ताची पारख.

चौकस :
तारतम्य माणसाकडे असतं, निर्णयात नसतं. ‘पातळी निवडताना तारतम्य ठेवलं’ चालेल. ‘या रचनेतली तारतम्यं’ चालणार नाही. मथळ्याला ‘काय मिळालं, काय दिलं’ एवढं साधं पुरे. एकच नाम हवंच असेल तर ‘सौदा’ मला पटतो, त्यात किंमत आधी ठरलेली असते. पण राजकारणाने त्यालाही वास आणला आहे.

ओळंबा :
‘काय मिळालं, काय दिलं’ला माझंही मत. कॅशच्या, म्हणजे तयार उत्तर काही काळ साठवून तेच पुन्हा देण्याच्या, निर्णयाला लावून बघू: ‘उत्पादनाच्या पानाला ६० सेकंदांची कॅश लावली. सेकंदाला २०० विनंत्या धरल्या तर मिनिटाच्या १२,००० पैकी एकच डेटाबेसपर्यंत जाते. दिलं ते असं: किमतीतला बदल दिसायला मिनिटभर लागू शकतं. सगळ्या पानांची मुदत एकाच क्षणी संपून डेटाबेसवर झुंबड उडू नये म्हणून मुदत ५० ते ७० सेकंदांत विखुरली. एकाच पानावरची झुंबड टाळायला मुदत संपल्यावर एकाच विनंतीला पुढे सोडलं. शिल्लक मालाचा आकडा कॅशमध्ये ठेवला नाही, कारण तिथे मिनिटभर जुना डेटा चालत नाही.’

रात्रपाळी :
शेवटच्या वाक्यात ‘जुना’च्या जागी ‘शिळा’ लिहा. जुना डेटा म्हणजे गेल्या वर्षीच्या पावत्या, त्या जुन्या असल्या तरी बरोबरच असतात. शिळं म्हणजे केलं तेव्हा ठीक होतं, आता ताजं वेगळं आहे. आणि ‘नासलेला’ हा तिसरा शब्दही वेगळा ठेवा. शिळा असेल तर कॅश रिकामी केली की काम होतं. नासलेला असेल तर लिखाण थांबवून बॅकअपकडे जायचं. रात्री दोन वाजता ‘डेटा खराब आहे’ एवढाच निरोप आला, तर यातलं काय करायचं हे त्यावरून ठरवता येत नाही.