फॉर्म्युला वनचा सगळ्यात लांब ट्रॅक, पेस्कारा १९५७: ही रेस एकदाच का झाली?

पिटलेन_पक्या:
मंडळी एक शंका आहे. ट्रॅकच्या लांबीची यादी बघत होतो तर सगळ्यात वर पेस्कारा, इटली, साधारण २५.८ किमी, आणि चॅम्पियनशिपची रेस तिथे फक्त एकदाच, १८ ऑगस्ट १९५७. आत्ताचा सगळ्यात लांब स्पा, तो ७ किमीचा!! नकाशा उघडला तर ट्रॅक असा काही नाहीच, समुद्राकाठचं शहर, तिथून रस्ता आत टेकड्यांमध्ये शिरतो, दोनचार गावांतून जातो आणि परत खाली किनाऱ्यावर येतो, बस. मला कळत नाहीये ते हे की त्याच वर्षी मे मध्ये मिले मिलिया या रोडरेसला तो भयंकर अपघात झाला, इटलीत रस्त्यावरच्या रेसविरुद्ध एवढी बोंब उठली, मग तीनच महिन्यांत त्याच देशात साध्या रस्त्यावर ग्रां प्री कशी काय होऊ दिली? आणि झालीच तर पुन्हा का नाही? शिवाय रिझल्टमध्ये फेरारीची एकच गाडी दिसतेय, ते काय प्रकरण आहे?

जुना_कार्ब्युरेटर:
आधी एक समजून घ्या, पेस्कारा ही काही १९५७ ला अचानक उगवलेली रेस नाही. १९२४ पासून तिथे कोप्पा आचेर्बो नावाची रेस व्हायची, त्याच रस्त्यांवर, आणि पहिलीच कोण जिंकलं माहितीये? एन्झो फेरारी, पुढे फेरारी टीम काढणारा. स्वतः गाडी चालवून, अल्फा रोमिओमध्ये. त्यामुळे पुढचं वाचताना हे डोक्यात ठेवा.

१९५७ ला बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या ग्रां प्री रद्द झाल्या, पैशांवरून जमलं नाही, कॅलेंडरमध्ये भोकं पडली आणि पेस्काराला चॅम्पियनशिपचा दर्जा मिळाला. म्हणजे "एकदाच का" याचं अर्धं उत्तर इथेच आहे, मुळात ती भरतीची रेस होती.

आता मिले मिलिया. ती ब्रेशापासून रोमपर्यंत आणि परत, जवळजवळ १६०० किमी, एवढा रस्ता कोण राखणार. १२ मे ला ग्विदिझ्झोलो गावाजवळ दे पोर्तागोच्या फेरारीचा टायर फुटला, तो गेला, त्याचा सहकारी नेल्सन गेला आणि कडेला उभे असलेले ९ लोक गेले, त्यातली ५ लहान मुलं. त्यानंतर ती शर्यत खऱ्या वेगाची म्हणून कधीच झाली नाही. पेस्कारा त्यामानाने २५ किमीच्या त्याच रस्त्यावर फेऱ्या, रस्ता वाहतुकीला बंद, म्हणून तेवढ्यावर निभावलं असं माझं मत. पण सुरक्षित होती असं कोणी म्हणू नका प्लीज, घरांच्या भिंती, दगडी कठडे, झाडं, दिव्याचे खांब सगळं जिथल्या तिथे. १९३४ ला गी मोल हा ड्रायव्हर इथेच अपघातात गेला.

फेरारीची एकच गाडी कारण मिले मिलियानंतर एन्झोवर आणि टायर कंपनीवर मनुष्यवधाचा खटला चालू होता (पुढे १९६१ ला सुटले). तो वैतागलेला, इटलीतल्या रोडरेसला टीम पाठवणार नाही म्हणून बसला, टीमचे ड्रायव्हर हॉथॉर्न आणि कॉलिन्स घरी. मुस्सोने गळ घातली, इटालियन माणूस, इटलीतली रेस, चॅम्पियनशिपमध्ये वरच्या नंबरांत, तेव्हा त्याला एक गाडी दिली.

लेट_ब्रेकर:
वरचं सगळं बरोबर पण रेसबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून लिहितो.

ऑगस्टचं ऊन म्हणून सकाळी साडेनऊला स्टार्ट. पोल (म्हणजे स्टार्टला सगळ्यात पुढची जागा) फांजिओचा, मासेराती २५०एफ, आणि लक्षात घ्या दोन आठवड्यांपूर्वी नुर्बुर्गरिंगला त्याचं पाचवं टायटल नक्की झालेलं होतं, त्यामुळे त्याला गमवायला काही नव्हतं. बाजूला मॉस व्हॅनवॉलमध्ये, तिसरा मुस्सो. पहिली फेरी मुस्सोने लीड केली आणि लोक वेडे झाले असणार, दोन लाखांवर पब्लिक होतं म्हणतात. दुसऱ्या फेरीत मॉस पुढे गेला आणि मग शेवटपर्यंत पुढेच. मुस्सो दुसऱ्या नंबरवर होता, पण दहाव्या फेरीच्या आसपास त्याचं इंजिन गेलं, रस्त्यावर ऑइल सांडलं, आणि मागून येणारा फांजिओ त्यावरच घसरून चाक खराब करून बसला. तिथे मॅच संपली. मॉसला एवढी लीड होती की मध्ये थांबून ऑइल भरून घेतलं, पाणी प्यायला आणि तरी तीन मिनिटांहून जास्तने जिंकला. १८ फेऱ्या, जवळजवळ तीन तास. दुसरा फांजिओ, तिसरा हॅरी शेल. सोळा सुटले, सात पोचले.

मला तरी ही रेस व्हॅनवॉलमुळे मोठी वाटते. तिचा मालक टोनी व्हँडरवेल हा ब्रिटिश बेअरिंगचा कारखानदार, इटालियन लाल गाड्यांना हरवायचंच या एका हट्टावर ही टीम काढली. जुलैत इंग्लंडमधल्या एन्ट्री (Aintree) ट्रॅकवर जिंकले खरे, पण तिथे मॉसने टीममधल्याच ब्रूक्सची गाडी अर्ध्यात घेतलेली. इथे मॉस एकटा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, इटालियनांच्या अंगणात. आणि लगेच सप्टेंबरला मोन्झाची इटालियन ग्रां प्रीही मारली.

पिटलेन_पक्या:
जबरदस्त, धन्यवाद दोघांना. अजून एक, दहा मिनिटांची एक फेरी म्हणजे ड्रायव्हरला कळायचं कसं की मागचा किती मागे आहे? रेडिओ तर नव्हताच. आणि कोणी मध्येच बंद पडला तर पिटला (टीमचे लोक थांबतात तिथे) कसं कळणार?

जुना_कार्ब्युरेटर:
नाही कळायचं! पिटसमोरून जाताना पाटी दाखवायचे, ती दहा मिनिटांत एकदा, आणि तिच्यावरचा आकडा मागच्या फेरीचा, म्हणजे शिळाच. गाडी वेळेत आली नाही की पिटमधले सगळे घड्याळ बघत उभे. ब्रॅबहॅमचा किस्सा याच रेसमधला, छोटी कूपर, पेट्रोल संपत आलं, पिट लांब, तर पठ्ठ्या सरळ रस्त्यावरच्या पेट्रोल पंपात शिरला, भरून घेतलं आणि पुढे निघाला. सातवा आला. सार्वजनिक रस्त्यावर रेस असण्याचा एवढा रोकडा फायदा दुसरा कुणी घेतला असेल असं वाटत नाही 😄

आणि रस्ता पाठ करणं हा वेगळाच विषय. स्पोल्तोरे, काप्पेल्लेकडचा भाग नुसता वळणांचा, तिकडून मग उतारावर सरळ माँतेसिल्वानोपर्यंत आणि तिथून उजवीकडे वळून किनाऱ्याने सरळ पेस्कारा. म्हणजे गाडी सेट कशासाठी करायची? टेकडीसाठी गिअर छोटे लावले तर सरळ रस्त्यांवर मेलात, उलटं केलं तर वर चढताना दमलात. व्हॅनवॉल सरळ रस्त्यावर पळायचीच, म्हणून मॉसला ते जमलं. लुइस-एव्हान्सलाही तीच गाडी होती, पण त्याचे टायर उखडले आणि तो पाचव्यावर गेला.

बॅकमार्कर_०७:
मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. एन्झोने सुरक्षिततेसाठी गाड्या ठेवून घेतल्या अशी एक गोड गोष्ट सगळीकडे फिरते, मला नाही पटत. खटला डोक्यावर असताना रस्त्यावर अजून एक अपघात झाला तर वकील काय तोंडाने उभा राहणार, एवढा साधा हिशोब आहे. सुरक्षिततेची काळजी असती तर मुस्सोलाही गाडी मिळाली नसती. आणि पुढच्याच वर्षी मुस्सो रीम्सला आणि कॉलिन्स नुर्बुर्गरिंगला अपघातात मेला, दोघेही फेरारीतच. रीम्स तर शेतांमधून जाणारा साधा रस्ताच.

लेट_ब्रेकर:
@बॅकमार्कर_०७ वकिलाचा मुद्दा मान्य, पण "फेरारीतच" म्हणून त्याच्यावर टाकू नका. त्या काळात कुठल्याही टीमची यादी काढा, अशीच निघेल. बेल्ट नाही, रोलबार नाही, कडेला गवताचे भारे, झाला बंदोबस्त.

जुना_कार्ब्युरेटर:
पुन्हा का नाही याचं उरलेलं अर्धं सांगतो मग मी गप्प. १९५८ ला बेल्जियम, नेदरलँड्स दोन्ही परत आले, पोर्तुगाल आणि मोरोक्को नवीन आले, जागाच उरली नाही. वरून २५ किमी रस्त्यावर कठडे, मार्शल, पोलीस उभे करायचे म्हणजे खर्च बघा, आणि तिकीट काढून बसलेल्या माणसाला गाड्या दिसणार १८ वेळा. मोनाको टिकलं कारण ३ किमीच्या आसपास, ७८ फेऱ्या, सगळं एका नजरेत. पेस्काराला १९६१ मध्ये स्पोर्ट्स गाड्यांची चार तासांची एक रेस झाली, ती शेवटची.

पिटलेन_पक्या:
ओके म्हणजे मिले मिलियाने मारली असं सरळ म्हणता येत नाही, ती आधीच पाहुणी होती. आता १९६१ ची ती चार तासांची रेस शोधतो, कोण जिंकलं तिथे?

जुना_कार्ब्युरेटर:
बांदिनी आणि स्कार्लात्ती, फेरारीत, पण खाजगी टीमची गाडी. आणि स्कार्लात्ती १९५७ च्या रिझल्टमध्येही आहे बघा, मासेरातीत, सहावा.