मुलगा जानेवारीत ग्लासगोला चाललाय, थंडीची तयारी काय काय करू?

देवगडची_आई

नमस्कार मंडळी. आमचा मुलगा एमएससीसाठी स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला चाललाय, जानेवारीची ॲडमिशन आहे आणि पहिल्याच आठवड्यात फ्लाईट. आम्ही देवगडचे, आमच्याकडे थंडी म्हणजे पौषात पहाटे जरा गार वाटतं, कलमांना मोहोर येतो, गोधडी ओढून घेतली की झालं. घरात एकही धड स्वेटर नाहीय. कणकवलीत दुकानात विचारलं तर तो म्हणाला ताई एवढं जाड जॅकेट इकडे कोण घेतो. भावोजी म्हणतात कोल्हापूरहून घेऊ, सासूबाई म्हणतात लोकर आणा मी विणते, मुलगा म्हणतो तिकडे गेल्यावर बघू. तिकिटावर २३ किलोच्या दोन बॅगा आहेत, त्यात कपडे किती नि खाऊ किती तेच कळेना.

खरी काळजी वेगळीच आहे. त्याला लहानपणी बाळदमा होता, आता बरीच वर्षं काही नाही पण पावसाळ्यात घरात ओल धरली की अजून शिंका नि खोकला सुरू होतो. कोणी तिथे राहिलेलं असेल तर जरा नीट सांगा, काय इथून न्यायचं नि काय तिकडे घ्यायचं.

वेंगुर्ल्याचा_पाहुणा

वयनी, झिलाची काळजी करू नकात, सगळा बरा होतला. मी ग्लासगोला दोन वर्षं काढली म्हणून सांगतो. लोकांना वाटतं तिकडे नुसता बर्फ, पण तसं नाही, जानेवारीत दिवसा ६-७ डिग्री, रात्री १-२, कधीतरी शून्याच्या खाली जातं. बर्फ पडतो पण बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत वितळून जातो. त्रास होतो तो पाऊस आणि वारा एकदम आल्यावर. आपल्याकडे चार महिन्यात जेवढा कोसळतो त्याच्यापेक्षा तिथला वर्षभराचा पाऊस कितीतरी कमी, पण तो रोज थोडा थोडा, बारीक, आडवा, आणि गार. मी इथून चांगली मोठी छत्री नेली होती, दुसऱ्याच आठवड्यात क्लाईड नदीच्या पुलावर ती उलटी होऊन काड्या मोडल्या, तिथेच कचऱ्याच्या डब्यात टाकली. तिकडचे लोकपण छत्रीच्या भानगडीत फारसे पडत नाहीत, टोपीवालं वॉटरप्रूफ जॅकेट घालतात.

म्हणून एकच जाडजूड जॅकेट घेऊ नका. आत अंगाला चिकटणारे थर्मल, त्याच्यावर पातळ लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीस, आणि सगळ्यात वर पाणी नि वारा अडवणारं जॅकेट. कारण बसमध्ये, वर्गात, दुकानात हीटर असतो, आत गेल्यावर एकेक काढता आलं पाहिजे नाहीतर घाम येतो, आणि तो घाम घेऊन बाहेर पडलं की मग हुडहुडी भरते. सुती बनियन आणि सुती मोजे ओले झाले की गारच राहतात, लोकर ओली झाली तरी ऊब धरते, त्यामुळे सासूबाईंना विणू दे, खरंच उपयोगाचं आहे.

इथून थर्मलचे तीन जोड आणि एक बऱ्यापैकी जॅकेट न्या, म्हणजे विमानातून उतरल्यावर पहिले चार दिवस निघतील. मोठा कोट नि बूट तिकडेच घ्यायचे, त्या हवेसाठीच केलेले असतात. चॅरिटी शॉप म्हणून दुकानं असतात, लोकांनी दिलेले चांगले कपडे स्वस्तात मिळतात, माझा कोट तिथलाच, त्याच कोटावर दोन्ही हिवाळे काढले.

दर्यावर्दी_दाभोळ

बोटीवर २० वर्षं झाली, नॉर्थ सी मध्ये हिवाळ्यात बरंच काम केलंय. वरचं सगळं बरोबर आहे, मी फक्त पायांचं सांगतो. सकाळी फुटपाथवर पारदर्शक बर्फाचा पातळ थर असतो, तो दिसतच नाही, रस्ता नुसता ओला आहे असं वाटतं आणि माणूस सपकन आपटतो. पावसाळ्यात शेवाळलेल्या पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवरून आपण कसे उतरतो, पाऊल छोटं, पूर्ण तळवा टेकवून, अंग जरासं पुढे, अगदी तस्संच चालायचं. हात खिशात घालून चालायचं नाही, तोल गेला तर हात मोकळे पाहिजेत, म्हणून हातमोजे पाहिजेतच. बुटाचा तळवा खाच्यांचा बघून घ्या, गुळगुळीत तळव्याचे ऑफिसवाले बूट नकोत. आणि कान झाका. वाऱ्यात आधी कान दुखतात मग डोकं.

चिपळूणची_नर्सताई

मी तिकडे सहा वर्षं नर्स आहे आणि दम्याचं वाचलं म्हणून मुद्दाम लिहितेय. ताई, बाहेरच्या थंडीपेक्षा खोलीतली ओल जास्त जपायला सांगा त्याला. आपल्याला ओल कळते, जुलैत जांभ्याच्या भिंतीला हात लावला की जी गार चिकट लागते ना, आणि कपाट उघडल्यावर जो कुबट वास येतो, तोच वास तिकडे हिवाळ्यात येतो. माझ्या पहिल्या भाड्याच्या खोलीत पलंगामागच्या कोपऱ्यात आधी काळे ठिपके आले, मोहरीएवढे, महिन्याभरात वीतभर डाग झाला. घरमालक म्हणाला तुम्ही खिडकी उघडत नाही म्हणून. त्याचं वागणं मला अजून पटलेलं नाही कारण खिडकीची फ्रेमच कुजलेली होती, पण खिडकी उघडत नव्हते हेही खरंच होतं, थंडी आत येईल म्हणून मी सगळं गच्च बंद करून रेडिएटरवर, म्हणजे भिंतीवरच्या हीटरवर, ओले कपडे वाळत घालायचे. ते पाणी जाणार कुठे, भिंतीवरच बसतं. मला स्वतःला कधी दमा नव्हता तरी फेब्रुवारीपर्यंत खोकला गेला नाही.

तर रोज १०-१५ मिनिटं खिडकी उघडायची, कितीही थंडी असू दे. स्वयंपाक आणि अंघोळ करताना एक्झॉस्ट चालू नि दार बंद. कपडे वाळवायचे तर ज्या खोलीत झोपतो तिथे नाही. पलंग नि कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब. बिल वाचवायला हीटर पूर्ण बंद करून बसू नये, खोली १८ डिग्रीच्या खाली जाऊ द्यायची नाही. आणि खोली ताब्यात घेताना प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढून घरमालकाला त्याच दिवशी मेल करायचे.

गेल्या गेल्या पहिल्या आठवड्यात जीपीकडे नाव नोंदवायचं, म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर. आजारी पडायची वाट बघायची नाही. स्कॉटलंडमध्ये चिठ्ठीवरच्या औषधांना पैसे लागत नाहीत. इथल्या डॉक्टरांकडून दम्याचं जुनं सगळं एका पत्रात लिहून घ्या, औषधाचं कंपनीचं नाव नको, मूळ नाव. रात्री अपरात्री विचारायचं असेल तर १११, आणि श्वास लागला तर सरळ ९९९.

अजून एक, उजेड. जानेवारीच्या सुरुवातीला पावणेनऊला उजाडतं आणि चारच्या आत मावळतं. आपण उन्हातली माणसं, हे अंगावर येतं. तिथली आरोग्यसेवा हिवाळ्यात सगळ्यांनाच रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यायला सांगते आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांना वर्षभर. गोळी स्वस्त असते. आणि दुपारी अर्धा तास तरी बाहेर चालून यायचं, ढग असले तरी. हे माझं त्याला हात जोडून सांगणं आहे, कारण खोलीत बसून राहणारी मुलं मी बघितली आहेत, दोन महिन्यांत आवाज बदलतो त्यांचा.

वेंगुर्ल्याचा_पाहुणा

ताईंनी बरोबर सांगितलं. वादळाचंही सांगून ठेवतो. आपल्याकडे यलो ऑरेंज रेड अलर्ट येतात तसेच तिकडे यलो अंबर रेड. २०२५ च्या २४ जानेवारीला एओविन वादळाच्या वेळी ग्लासगोला रेड होता, सगळ्या ट्रेन बंद, शाळा बंद. तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी आपण काय केलं होतं तेच करायचं, पॉवर बँक भरून, टॉर्च हाताशी, दोन दिवसांचं खाणं घरात, आणि बाहेर पडायचं नाही. एरवी पावसात सबवे, म्हणजे तिथली भुयारी ट्रेन बरी, एकच गोल लाईन आहे, १५ स्टेशनं, चुकायला होत नाही.

देवगडची_आई

सगळ्यांचे किती आभार मानू. रडूच आलं वाचताना. आमच्या सासूबाई म्हणाल्या म्हणजे ही आगोटच की गो, आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, आपण लाकडं, सुकी मासळी, मसाला सगळं भरून ठेवतो तसंच. ते ऐकल्यावर मला एकदम सुचायला लागलं. थर्मल ऑर्डर केले, डॉक्टरांची वेळ घेतली. कुळथाचं पीठ, आमसुलं, मेतकूट भरलंय. घरचं तूप आणि खोबरेल द्यायचं का? आणि फोन कधी करायचा?

चिपळूणची_नर्सताई

तूप नको, दुधाचे नि मटणाचे पदार्थ आपल्याकडून न्यायला बंदी आहे, पेढेसुद्धा नाहीत. खोबरेल द्या, पण निमुळत्या बाटलीत नको, तिकडे ते बारा महिने थिजलेलं असतं, बाटलीतून बाहेरच येत नाही. रुंद तोंडाच्या बरणीत भरा, चमच्याने काढेल.

फोन आपल्या रात्री साडेनऊला करा. हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक, म्हणजे त्याच्याकडे चार वाजलेले असतात, नुकताच अंधार पडलेला. त्याच वेळेला घरची आठवण जास्त येते.

देवगडची_आई

साडेनऊ, लिहून ठेवलं फ्रीजवर. टोपी अर्धी विणून झालीय, कान झाकणारी.