मदत हवी आहे : बागेतल्या रॅम्पवर घसरू नये म्हणून काय लावावं?

रानवाट
बागेच्या वरच्या भागात बाकं आणि सावली आहे. तिथे जायला चार पायऱ्या आहेत, म्हणून ज्येष्ठांसाठी शेजारी रॅम्प बांधून घेतला. महिना झाला, कुणी त्यावर पाय ठेवत नाही. सगळे पायऱ्यांनीच जातात, नाहीतर खालीच फेरी मारून घरी. विचारलं तर "पाय सरकेल असं वाटतं" म्हणतात. कोटिंग लावू की रबरी मॅट? शुक्रवारी कामगार येताहेत, तेव्हा नेमकं आणि लवकर सांगा.

पाणसळ
उंची किती, लांबी किती, रुंदी किती? वर फरशी आहे की काँक्रीट? कठडा आहे का? हे कळल्याशिवाय कोटिंगचं सांगण्यात अर्थ नाही.

चुनखडी
मॅट अजिबात नको. खाली पाणी साचतं, शेवाळ धरतं, दोन पावसाळ्यांत कडा वर वळतात आणि त्याच कडेला चप्पल अडकते. चिकटवायच्या खरखरीत पट्ट्यांचंही तेच होतं. इपॉक्सीत (दोन द्रव मिसळून लावायचा, वाळून कडक होणारा लेप) सिलिका वाळू घालून दोन हात द्या. मात्र काँक्रीट किमान २८ दिवसांचं आणि कोरडं हवं. इपॉक्सी उन्हात भुकटते, म्हणून वरचा हात पॉलियुरेथेनचा.

रानवाट
चकचकीत फरशी आहे. कठडा एका बाजूला, भिंतीला. रॅम्प नेहमीसारखाच आहे, उतार काही फार नाही.

चुनखडी
चकचकीत फरशीवर इपॉक्सी धरणार नाही, पापुद्रे निघतील. फरशी उखडा, काँक्रीट करा आणि ओलं असतानाच त्यावर खराटा फिरवा. रेघा उताराला आडव्या. उभ्या मारल्या तर पाणी लवकर वाहतं, पण पायाला पकड मिळत नाही.

पाणसळ
"फार नाही" म्हणजे किती ते मोजा. एक मीटरची सरळ फळी उतारावर ठेवा, वर पाणसळ ठेवा, बुडबुडा मधोमध येईपर्यंत खालचं टोक उचला आणि त्या टोकाखाली किती सेंटीमीटर फट पडली ते सांगा. ५ आली तर १:२०, म्हणजे वीस मीटर जाताना एक मीटर चढ; सव्वाआठ आली तर १:१२. त्याहून जास्त असेल तर कोटिंगने काही साधणार नाही.

हिरवळ
सगळे रॅम्पच्या मागे लागलात. ज्येष्ठांना बागेत आणायचं असेल तर ॲक्युप्रेशरची वाट करा. गोल गोटे, १० मीटर लांब, अनवाणी चालायला. पायांना व्यायाम होतो, तोलही सुधारतो.

सांधा
हिरवळ, हा सल्ला सरसकट देऊ नका. मधुमेहात ज्यांच्या पायांची संवेदना कमी झालेली असते त्यांना गोटा टोचलेला कळत नाही, जखम झालेली कळत नाही, आणि ती भरायला वेळ लागतो. अशांनी अनवाणी चालूच नये. वाट करायचीच तर बाजूला करा, दोन्हीकडे धरायला पाईप हवा, आणि मुख्य रस्ता तिच्यावरून जाता कामा नये.

हिरवळ
मधुमेह सगळ्यांना नसतो. काळजीपूर्वक चाललं की झालं.

सांधा
बागेत कोणाला आहे आणि कोणाला नाही, हे गोट्यांना कळत नाही. वाट सगळ्यांसाठी बांधायची असते.

रानवाट
गोट्यांचा पट्टा आधीपासून आहे, रॅम्प संपतो तिथेच. मोजून आलो : फट साडेबारा. उंची ६० सेंमी, लांबी ४.८ मीटर, रुंदी ९० सेंमी.

पाणसळ
म्हणजे १:८. खूपच चढा. त्यावरून उतरायचं, फरशी चकचकीत, कठडा एकाच बाजूला, आणि खाली पाय टेकतो तो थेट गोट्यांवर. लोक बरोबर सांगताहेत. ६० सेंमी चढायला १:१२ ने ७.२ मीटर लागतात, पण त्याला किमान समजा. चालणाऱ्या ज्येष्ठांसाठी १:१५ किंवा १:२० ठेवा.

सांधा
उतारावर पावलाखाली सपाट जागा कुठेच मिळत नाही. घोटा ताठरलेला असेल तर चढताना टाच टेकत नाही. उतरताना बोटं चपलेच्या टोकात दाबली जातात आणि सगळा भार वाकलेल्या गुडघ्यावर, मांडीच्या स्नायूंवर येतो. पायरीवर प्रत्येक पाऊल सपाट पडतं, थांबता येतं. म्हणून पायऱ्या तोडू नका. चारही सारख्या उंचीच्या, १५ सेंमीच्या आत, पाऊल ठेवायची जागा ३० सेंमी, कडेला ५ सेंमीचा ठळक वेगळ्या रंगाचा पट्टा. साधा ऑइलपेंट ओला झाला की घसरतो, त्यात वाळू मिसळा. पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा. अर्धांगवायूनंतर एकच हात चालत असेल तर चढताना एक बाजू लागते आणि उतरताना दुसरी.

दीपमाळ
दिव्यांचंही बघा. उंच खांबावरचा झगझगीत दिवा डोळ्यांत जातो आणि पायाखाली सावली पडते. उतारवयात डोळ्यांना उजेडातून अंधारात सरावायला वेळ लागतो. गुडघ्याएवढ्या उंचीचे, खाली उजेड पाडणारे दिवे लावा.

रानवाट
बाग अंधार पडायच्या आत बंद होते. दिव्यांचं विचारलंच नाहीये. १:२० ला १२ मीटर लागतात, ते आणू कुठून? रॅम्पपुढे जागाच नाही.

पाणसळ
सरळ पुढेच जायला हवं असं नाही. वरच्या भागाच्या कडेने हिरवळ किती लांब आहे?

रानवाट
१६ मीटर. टोकाला एक मोठं झाड.

पाणसळ
मग काँक्रीटचा रॅम्पच नको. कडेला लागून मातीचा भराव घाला आणि वाटच हळूहळू वर न्या. ६ मीटर चढ, मध्ये दीड मीटर सपाट, पुन्हा ६ मीटर. रुंदी दीड मीटर. मोकळ्या बाजूला भरावाचा उतार १:३ ठेवला की खड्डा उरत नाही. पडणारा पडलाच तर गवतावर. दाबलेला भराव ८ घनमीटरच्या आसपास होईल, सैल माती त्याहून पाव पट जास्त मागवा. १५-१५ सेंमीचे थर, प्रत्येक थर पाणी मारून धुमसायचा. एकदम ओतलात तर पहिल्या पावसात वाट मध्येच बसेल आणि पाणी साचेल. आडवा उतार मीटरला २ सेंमीपेक्षा जास्त नको, नाहीतर वॉकर एका बाजूला ओढला जातो. झाडाच्या बुंध्याभोवती माती चढवू नका, मुळांना हवा मिळत नाही. जुना रॅम्प फोडून टाका. चाकाची खुर्ची १:८ वरून खाली आणताना ढकलणाऱ्याला आवरत नाही.

चुनखडी
वाटेवर पेव्हर ब्लॉक घातलेत तर दोन्ही कडांना पक्की कर्ब, म्हणजे ब्लॉक रोखणारी काँक्रीटची कड, लागेल. नाहीतर ब्लॉक बाहेर सरकतात, मधली फट वाढते, आणि काठीचं टोक त्यातच जातं. फट १ सेंमीच्या आत ठेवा.

वळणवाट
एक कुणी विचारलं नाही. "खालीच फेरी मारून घरी" असं लिहिलंय. वर बाकं कशी आहेत?

रानवाट
दगडी, चौकोनी ठोकळे. बाकांचा इथे काय संबंध?

वळणवाट
बसल्यावर उठता येत नसेल तर माणूस वर जाईलच कशाला? उठताना टाचा गुडघ्यांच्या मागे ओढाव्या लागतात, तेव्हा भार पुढे येतो. भरीव ठोकळ्यावर टाच दगडाला अडते. बसायची उंची ४५ ते ४८ सेंमी, खाली पोकळी, पाठ टेकायला आधार, आणि दोन्हीकडे हात, बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आलेले. हात आखूड असला की दाब द्यायचा तिथेच संपतो. बाकाशेजारी ९० सेंमी सपाट जागा सोडा, वॉकर किंवा खुर्ची लावायला. आणि त्या चढत्या वाटेवर, मधल्या सपाट तुकड्यावर, एक बाक द्याच.

रानवाट
ठोकळे ३८ सेंमीचे निघाले. ठीक. शुक्रवारी फक्त पायऱ्यांचे कठडे, फरशी काढणं आणि गोटे हलवणं. भराव पुढच्या आठवड्यात. पाईप कोणता आणि टोक कुठे संपवू?

पाणसळ
बाहेरून ३८ ते ४० मिमी. मूठ पूर्ण मिटली पाहिजे. उंची पायरीच्या कडेपासून ९० सेंमी, भिंतीपासून ५ सेंमी मोकळे. उघडा स्टील उन्हात तापतो, हात लगेच सुटतो, म्हणून पावडर कोटिंग करून घ्या. दोन खांबांमधलं अंतर दीड मीटरपेक्षा जास्त नको. पाईप शेवटच्या पायरीच्या पुढे ३० सेंमी सरळ न्या, म्हणजे दोन्ही पाय सपाट जमिनीवर आल्यावरच हात सुटेल. टोक उघडं ठेवू नका, खाली वळवून खांबाला जोडा. उघड्या टोकात बाही अडकते, पिशवीचा बंद अडकतो, आणि माणूस तिथेच मागे खेचला जातो.